लेटेकचं फुल इन्स्टॉलेशन केलं, तर लॅपटॉप खरंच स्लो होतो का?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गणित किंवा भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांना प्रबंधासाठी लेटेक हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं, कारण त्यात समीकरणं नीट बसतात. पण इन्स्टॉल करतानाच प्रश्न येतो: फुल की मिनिमल?

फरक काय?

लेटेकचा 'टेक लाइव्ह' हा संच पूर्ण घेतला, तर डिस्कवर साधारण ८ जीबी जागा लागते. मिनिमलमध्ये फक्त गाभा येतो. तक्ते, संदर्भसूची, आकृत्या यांसाठीची पॅकेजेस नंतर एकेक करून घ्यावी लागतात.

मग फुलमुळे वेग कमी होतो?

नाही. फाइलमध्ये जी पॅकेजेस मागितली आहेत, तेवढीच लेटेक उघडतं. बाकीची हजारो डिस्कवर नुसती पडून असतात. कोणती फाइल कुठे आहे, याची यादी आधीच तयार असल्याने शोधण्यातही वेळ जात नाही. पीडीएफ तयार व्हायला उशीर होतो तो जड चित्रं, गुंतागुंतीच्या आकृत्या आणि इंजिनामुळे. मराठीसाठी झीलेटेक किंवा लुआलेटेक लागतं आणि ही दोन्ही सहसा पीडीएफलेटेकपेक्षा हळू चालतात. मिनिमल घेतलं तरी ते बदलत नाही.

खरा खर्च कुठे?

इंटरनेटमध्ये. फुलचं डाउनलोड ५ जीबीच्या वर जातं. रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर किमान चार दिवस लागतील. मिनिमलमध्ये हा खर्च पूर्ण वाचत नाही, काही भाग पुढे ढकलला जातो. प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री, चंदगड किंवा गगनबावड्यातल्या घरी नेटवर्क नसताना 'फाइल नॉट फाउंड' आलं, तर काम तिथेच थांबतं. 'मिकटेक' हा दुसरा संच राहिलेली पॅकेजेस आपोआप आणतो, पण त्यालाही इंटरनेट लागतंच.

काय करावं?

डिस्कवर जागा असेल, तर फुल घ्या. टेक लाइव्हची आयएसओ फाइल विभागात एकाने उतरवली, की पेनड्राइव्हवरून सगळ्यांना देता येते. परवाना त्याला मुभा देतो. जागा कमी असेल, तर इन्स्टॉल करताना डॉक्युमेंटेशन आणि सोर्स फाइल्स वगळा. त्याने बरेच जीबी वाचतात आणि एकही पॅकेज कमी होत नाही.