म्हातारचळ म्हणून सोडू नका



गेल्या हंगामात एका वस्तीवर गेलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी फवारणीच्या पंपात औषध ओतलं, आणि पाच मिनिटांनी त्याच पंपात पुन्हा ओतलं. सून म्हणाली, "मामंजी हल्ली विसरतात साहेब. म्हातारचळ, दुसरं काय!"

माझ्या मते इथंच आपली चूक होते. मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप धाडतात. त्यातलं एक अ‍ॅसिटिलकोलीन. अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूत ते तयार करणारं विकर फार घटतं, हे १९७६ साली दिसून आलं. निरोपच पोचेना, तर नवी गोष्ट ध्यानात राहणार कशी?

आपली ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं याच रसायनावर चालतात, पण उलटी. ते मोडणारं विकर ती बंद पाडतात. रसायन साचतं, कीड मरते. माणसालाही विषबाधा होते. विस्मरणावरची डोनेपेझिल गोळी तेच विकर मोजून-मापून रोखते. तिनं आजार मुळातून जात नाही, काही काळ आधार मिळतो. तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची.

शिवाय बी-१२ जीवनसत्त्व किंवा थायरॉईड कमी पडलं तरी विसर पडतो. ते रक्त तपासून कळतं, उपचारानं सुधारूही शकतं. कपाशीचं पान लाल पडलं की तुम्ही लगेच माझ्याकडे येता. मग घरचं माणूस विसरायला लागलं, तर दवाखान्यात जायला उशीर का?

आजोबांकडून औषधाच्या खोलीची किल्ली आजच काढून घ्या. त्यांचा मान मात्र काढून घेऊ नका.