पावसाळ्यातला बेहिशेबी तास

आषाढ लागला की शिवाजी पार्कच्या मैदानावरचा गलका ओसरतो. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगने आपल्याला चिखलातल्या क्रिकेटचीही गोडी लावली, ही गोष्ट वेगळी. पण संध्याकाळी कट्टा भिजलेला असतो आणि माणसे घरात सापडतात. आमच्याकडे मग पेटी माळ्यावरून खाली येते, आईची क्रोशाची सुई हाताशी लागते आणि ग्रंथालयातून आणलेले पुस्तक मी एकदाचे उघडतो.

तबल्याचे मात्र हाल. दमट हवेने पुडी सैल पडते, स्वर उतरतो आणि मी वाजवतो कमी, हातोडीने गठ्ठेच जास्त ठोकतो.

माझी मुलगी गाणे शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा वर्षअखेरीस. जेवढे अभ्यासक्रमात तेवढेच गायचे, हा तिचा हिशेब. ‘बाबा, परीक्षेत नाही तर मल्हार कशाला शिकायचा?’ असे तिने विचारले, तेव्हा मला चटकन उत्तर सुचले नाही. दोष तिचा नाही. प्रमाणपत्र पदरात पडणार नसेल तर हातच लावायचा नाही, हे आपणच मुलांना शिकवले. आईने तोच रुमाल तिसऱ्यांदा उसवला आहे. तो कुणासाठी, हेही ठरलेले नाही. पावसाळ्यात घराघरांतून रोज असा एखादा तास असावा, ज्याचा जाब कुणी विचारू नये.

परवा पावसाने क्लास बुडाला. आई विणता विणता मल्हार गुणगुणू लागली, मध्येच अडखळली. मुलीने पेटी पुढे ओढली आणि म्हणाली, ‘आजी, पुन्हा म्हण. सावकाश.’