वाकडी चाल, सरळ हक्क

नवी मोटार सरळ रस्त्यावर एका बाजूस ओढू लागली, की ‘चालवता चालवता बसेल’ असे सांगून ग्राहकाची बोळवण होते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ते कडेला उतरते असतात. तेव्हा डावीकडील किंचित ओढ क्षम्य मानता येईल. परंतु टायरमधील हवा योग्य असूनही ओढ जाणवत राहिली, तर पुढील दोन टायरांची अदलाबदल करून पाहावी. ओढीची दिशा पालटली, तर दोष टायरचा; न पालटल्यास चाकांच्या कोनांचा किंवा अडकणाऱ्या ब्रेकचा संशय घ्यावा. भरधाव वेगात जिवावर बेतू शकणाऱ्या दोषाची एवढी साधी तपासणीही विक्रेत्याने टाळावी, हे अक्षम्य होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला आहे. पण हक्काला पुरावा लागतो. तक्रार लेखीच द्यावी. तोंडी आश्वासनाने चाके सरळ होत नाहीत.