नानकटाईत काय घातले, ते गिऱ्हाइकाला सांगा

रमजानचे शेवटचे चार-पाच दिवस आले की मावळात बेकरीच्या दारात पत्र्यांची रांग लागते. वडगाव असो, कामशेत असो की लोणावळा, घरच्या बाया मैदा, पिठीसाखर आणि तूप फेटून नानकटाई वळतात, पत्र्यावर मांडतात आणि नावाची चिठ्ठी लावून मुलाच्या हाती भट्टीवर पाठवतात. दिवाळीच्या आधी हिंदू शेजारणींचे पत्रेही त्याच भट्टीवर येतात. ईदची आणि दिवाळीची नानकटाई एकाच आगीवर भाजली जाते, ही आमच्या भागाची जुनी रीत आहे.

मागे एका ईदच्या आधी आम्ही असाच घरचा पत्रा घेऊन भट्टीवर गेलो होतो. आमच्या पुढे एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी बरणीतल्या विक्रीच्या नानकटाईकडे बोट दाखवून विचारले, "यात काय घातले आहे? डॉक्टरांनी मला डालडा बंद केला आहे." गल्ल्यावरच्या मुलाने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "शुद्ध तुपातली आहे, चाचा." गृहस्थांनी अर्धा किलो घेतली आणि ते निघून गेले. दोन मिनिटांनी आतून एक कारागीर वनस्पतीचा डबा खांद्यावर घेऊन आला आणि आमच्यासमोरच त्याने तो फोडला. आम्ही सगळे पाहिले आणि गप्प राहिलो. बेकरीवाला ओळखीचा, सण तोंडावर, आपल्याला काय करायचे आहे, असा विचार केला. त्या गप्प राहण्याची बोच आजही गेलेली नाही, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

बदल हा गुन्हा नव्हे

आम्ही कापडाचा धंदा करतो. वनस्पती तुपाशी आमचे काही वैर नाही. महाग वस्तूच्या जागी स्वस्त वस्तू येणे ही बाजाराची जुनी चाल आहे. सुताच्या जागी टेरीकॉट आले आणि राबणाऱ्या माणसाला दोन वर्षे टिकणारा, इस्त्री न मागणारा शर्ट मिळाला. टेरीकॉट म्हणून टेरीकॉट विकणाऱ्याने कोणाचे काही बुडवले नाही. बुडवले ते टेरीकॉटवर 'शुद्ध सुती' म्हणणाऱ्याने. जाणते गिऱ्हाईक एक धागा ओढून त्याला काडी लावते. सूत असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून त्याची कडक गाठ होते. धागा खोटे बोलत नाही.

तुपाचेही तसेच झाले. डालडा आपल्या देशात 1937 च्या सुमारास आला. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मुरवला की ते तुपासारखे घट्ट होते, रवाळ दिसते आणि पुष्कळ दिवस टिकते. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत सणाला गोड होऊ लागले ते या डब्यामुळे. त्यावर नाक मुरडणे आम्हाला पसंत नाही.

पण सरकारलाही तेव्हापासून भीती होती की हे तूप साजूक म्हणून विकले जाईल. म्हणून वनस्पतीत ठराविक प्रमाणात तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. हे तेल चवीसाठी नव्हते. तिळाच्या तेलाला प्रयोगशाळेत विशिष्ट रसायन लावले की तांबडा रंग उमटतो. कोणी वनस्पती मिसळून साजूक तूप विकले, तर तो रंग त्याची चोरी उघडी करी. बदली वस्तूने आपला साक्षीदार आपल्या पोटातच बाळगावा, असा हा कायदा होता. आम्हाला तो फार शहाणपणाचा वाटतो.

साक्षीदार नसला की काय होते, हे 1983 साली देशाने पाहिले. परदेशातून आणलेली जनावराची चरबी वनस्पतीत मिसळल्याचे प्रकरण तेव्हा देशभर गाजले. हिंदू आणि जैन बांधवांच्या श्रद्धेला धक्का बसला. हलाल-हराम पाहणाऱ्या मुसलमानाच्या मनालाही तोच घोर लागला. डब्यात काय आहे, हा प्रश्न कोणा एका जमातीचा नाही, तो खाणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

डॉक्टर डालडा का बंद करतात

अर्धवट घट्ट केलेल्या तेलात ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते. ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. हृदयाच्या दुखण्याशी तिचा संबंध सिद्ध झाला, तेव्हा जगभर तिच्यावर मर्यादा येऊ लागल्या. आपल्याकडे तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा 2021 मध्ये 3 टक्के आणि 2022 पासून 2 टक्के करण्यात आली. त्यामुळे आजचा नियमाप्रमाणे बनलेला वनस्पतीचा डबा वीस वर्षांपूर्वीच्या डब्यासारखा राहिलेला नाही. बेकरीत येणारे घट्ट तूप आता पुष्कळ अंशी पामतेलापासून बनते. त्यात ट्रान्स फॅट कमी, पण संपृक्त चरबी भरपूर. म्हणजे दोष कमी झाला, संपला नाही. आणि सुटा, बिनलेबलाचा डबा कोणत्या काळातला आहे, हे कोण सांगणार?

खोबरेल डोक्याला की पोटाला?

या चर्चेमुळे शिकलेल्या मुली-सुना वनस्पतीला पर्याय शोधू लागल्या आहेत. आमच्या घरीही तसेच झाले. आमची सून घाटाखालची, श्रीवर्धनकडची. तिने एका ईदला नानकटाईत खोबरेल घालायचे ठरवले. आमच्या अम्मी म्हणाल्या, "खोबरेल डोक्याला लावायचे असते, बेटी, पोटात घालायचे नसते." अम्मींचेही खरे. घाटाखाली नारळाच्या दुधात भात शिजतो, पण आम्ही घाटावरची माणसे. आमच्या कढईत शेंगदाण्याचे, करडईचे, फार तर डोंगरउतारावरच्या खुरासणीचे तेल. खोबरेलाची बाटली आमच्याकडे आरशाजवळच असायची.

गंमत अशी की हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल हे खाण्याचे तेल मानायचे की केसांचे, यावर कर ठरत होता. वस्तू व सेवा करात खाद्यतेलाला 5 टक्के आणि केसांच्या तेलाला 18 टक्के. 2018 साली दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. अखेर 18 डिसेंबर 2024 रोजी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की बाटली लहान आहे, एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही. ते खाद्यतेल म्हणून बनवले व विकले जात असेल तर खाद्यतेलच आहे. लेबल आणि बांधणी केसांच्या तेलाची असेल तर गोष्ट वेगळी. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून केसांच्या तेलावरचा करही 5 टक्क्यांवर आला आणि भांडणातला पैसा गेला. पण व्यापाऱ्याने घ्यायचा धडा कायम आहे. वस्तूवर तुम्ही काय लिहिता, त्याला किंमत असते.

सुनेच्या नानकटाईचे काय झाले? पहिला पत्रा बिघडला. खोबरेल साधारण 24-25 अंशांला वितळते. लोणावळ्याच्या थंडीत ते बाटलीत दगडासारखे थिजते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पाण्यासारखे पातळ होते. तिने पातळ तेलातच पीठ मळले, नानकटाई पत्र्यावर पसरली आणि तिच्या चकत्या झाल्या. दुसऱ्या वेळी तिने तेल थंड करून लोण्यासारखे होऊ दिले, साखरेबरोबर फेटले, गोळे वळून पत्रा थोडा वेळ गारव्याला ठेवला आणि मग भट्टीवर पाठवला. ती नानकटाई खुसखुशीत झाली. अम्मींनी दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

कारागिरांच्या उपयोगाच्या दोन-चार गोष्टी येथे सांगतो. वनस्पतीच्या जागी खोबरेल घ्यायचे तर वजनास वजन चालते, कारण दोन्हींत जवळजवळ सगळी चरबीच असते. लोण्याच्या जागी घ्यायचे तर 100 ग्रॅमला 80 ग्रॅम पुरते, कारण लोण्यात पाणी असते. कमी पडलेला ओलावा दुधाने भरून काढावा. खारीला मात्र खोबरेल जमत नाही. पापुद्रे सुटायला न वितळणारे, न तुटणारे असे लवचिक तूप लागते आणि खोबरेल थंडीत तुटते, उन्हात पळते. साध्या केकला कोणतेही वास नसलेले पातळ तेल पुरते. पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी ओली की डब्यातली बिस्किटे सादळतात. म्हणून खोबरेलही कोरड्या भांड्यात, झाकण घट्ट लावून ठेवावे, नाहीतर खवट होते.

आता खोबरेल विकणाऱ्यांनाही एक शब्द. खोबरेल म्हणजे औषध, ते कितीही खा, असा प्रचार हल्ली फार चालतो. तोही खोट्या मापाचाच प्रकार आहे. खोबरेलात जवळजवळ 90 टक्के चरबी संपृक्त असते, साजूक तुपापेक्षाही जास्त. घट्ट करण्याची प्रक्रिया न केलेल्या खोबरेलात वनस्पतीसारखे ट्रान्स फॅट तयार होत नाही, हे खरे. पण अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने 2017 मध्ये ते टाळण्याचा सल्ला दिला, हेही खरे. सणाच्या नानकटाईला हरकत नाही. रोजच्या भाजीला आपले शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेलच बरे, आणि तेही बेताने. शिवाय भाव पाहा. 2025 साली खोबरेल इतके चढले की वनस्पतीच्या दुपटीच्याही पुढे गेले. भाव चढला की भेसळ येते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. बाटली फ्रीजमध्ये ठेवून तेल सारखे थिजते का, हे घरी पाहता येते. पण पाम-बियांचे तेलही थिजते, म्हणून ती परीक्षा पुरी नाही. सुटे स्वस्त खोबरेल घेऊच नये.

बेकरीवाले काय म्हणतात

बेकरीच्या धंद्यात आपले पुष्कळ भाऊ आहेत. पहाटे तीनला उठून भट्टीपुढे भाजणाऱ्या कारागिराचे कष्ट आम्ही जाणतो. त्यांच्याशी बोललो, तर ते म्हणतात, "साहेब, पाटीवर 'वनस्पतीतली' लिहिले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. सगळेच असे करतात. आणि 'बटर' नावाच्या टोस्टात बटर कुठे असते?" शेवटचे बोलणे अगदी बरोबर. चहात बुडवायच्या त्या बटरात लोणी नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सर्वांना ठाऊक असलेले नाव फसवत नाही. फसवते ते डॉक्टरांचे नाव सांगून विचारणाऱ्या म्हाताऱ्याला दिलेले उत्तर.

गिऱ्हाईक जाईल, ही भीतीही आम्ही कापडात पाहिली आहे. आम्ही दुकानात 'सुती', 'मिश्र' आणि 'टेरीकॉट' असे तीन कप्पे केले, तेव्हा शेजाऱ्यांनी हसून घेतले. पहिल्या हंगामात विक्री थोडी बसली. नंतर लोक लांबून येऊ लागले, कारण येथे धागा जाळून पाहावा लागत नाही. बेकरीतही तसेच करता येईल. तीन बरण्या, तीन चिठ्ठ्या: साजूक तुपातली, खोबरेलातली, वनस्पतीतली. तिघींचे भाव वेगळे. ज्याला जे परवडते, ज्याला जे सोसते, ते तो घेईल. लॉकडाऊनपासून घरी केक-बिस्किटे करून विकणाऱ्या आपल्या भगिनींनीही डब्यावर हेच लिहावे आणि अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करून घ्यावी.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात होते. एका धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी त्याला विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. विक्रेत्याचा दोष काय होता, याचा आपण विचार करावा. पाऊस पडणे हा दोष नव्हता. ओले धान्य विकायला आणणे हाही नव्हता. ओल खाली दडवणे हा दोष होता. मावळात पावसाला तोटा नाही आणि ओल सगळ्यांच्याच मालात शिरते. ती वर ठेवायची की खाली, एवढेच आपल्या हातात आहे.

घरून भट्टीवर येणाऱ्या प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी असते, म्हणून एकीची नानकटाई दुसरीच्या घरी जात नाही. येत्या रमजानपासून तशीच एक चिठ्ठी विक्रीच्या बरणीवरही लागावी, एवढीच आमची बेकरीवाल्या भावांना विनंती आहे. आणि पुढच्या वेळी रांगेत आमच्यापुढे कोणी तसे विचारले, तर आम्ही गप्प राहणार नाही.