विश्लेषण : ३५०० पौंड ओढणाऱ्या व्हॅनला ३००० पौंडांचा ट्रेलर का झेपत नाही?

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा म्हटला की अनेक कुटुंबे घरच्या होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएनाकडे पाहतात. ओडिसीची ओढक्षमता कमाल ३५०० पौंड, म्हणजे सुमारे १५८८ किलो; सिएनाचीही २०२० पर्यंतच्या मॉडेलमध्ये तेवढीच होती. मात्र ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवरून थेट व्हॅनवर येतो. तो कमी ठेवला तर हायवेवर ट्रेलर डोलू लागतो.

समजा, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर १२०० पौंड वहनक्षमता आहे. पाच माणसे ७५०, सामान १५०, उरले ३००. तीन हजार पौंडांच्या ट्रेलरचा १२ टक्के भार होतो ३६०. झाली ओव्हरलोड! आणि हे वजनही पाणी, गॅस, भांडीकुंडी भरून धरायचे. शोरूममधला ट्रेलर रिकामाच असतो. पाच जण जाणार असतील तर ट्रेलर हलका घ्या, नाहीतर व्हॅन मोठी.