नावाला एक गुण, खुणेला चार

गणपतीत आमच्या पालीत ‘ओळखा पाहू’ नावाची स्पर्धा होते. पडद्यावर फोटो येतो. किल्ला असेल तर किल्ल्याचं, माणूस असेल तर माणसाचं नाव सांगायचं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून फोटो निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. हल्ली सगळ्यांची एकच तक्रार: या खेळात मजा राहिली नाही, फोन फोटोसमोर धरला की नाव हजर. मग माइकवरून ‘मोबाइल खिशात ठेवा’ म्हणून ओरडायचं आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी ते ऐकायचं नाही.

माझ्या मते फोनवर उगाच आळ येतो. खेळ त्याच्या आधीच बिघडला होता, कारण आपण नुसतं नाव विचारत होतो. शिवाय फोटोही ठरलेले. राजगडाचं नेढं, लोहगडाचा विंचूकाटा, हरिहरच्या उभ्या पायऱ्या, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. मुलं ही उत्तरं फोटो पडद्यावर पुरता उमटायच्या आत देतात. त्यांनी किल्ला ओळखलेला नसतो, हजारदा पाहिलेला फोटो ओळखलेला असतो. त्याच राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी, चिलखती तटबंदी दाखवा, सगळे गप्प.

म्हणून मी सुधागडाचा महादरवाजा लावते. हा किल्ला आमच्याच तालुक्यातला, पण निम्मा मांडव ‘रायगड!’ म्हणून ओरडतो. ते चुकीचं असलं तरी वेडगळ नाही. दोन्ही दरवाजे एकाच घाटणीचे आहेत. दोन बुरुज पुढे आलेले, दरवाजा त्यांच्या कुशीत दडलेला आणि वाट वळून आत जाणारी. यालाच गोमुखी बांधणी म्हणतात. समोरून तोफेचा नेम धरता येत नाही, हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळत नाही आणि वळणावर आलेला शत्रू दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. एखादी मुलगी ‘बाई, रायगड, कारण दरवाजा बुरुजांच्या मागे लपवलाय’ म्हणाली, तर नावाचा गुण गेला तरी बाकीचे तिलाच मिळायला हवेत. तिनं किल्ला कसा चालतो ते पाहिलं.

दगडावरूनही पुष्कळ कळतं. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले 11 महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. जिंजीचा फोटो पाहून सह्याद्रीतले किल्ले आठवू लागलात तर हाती काही लागणार नाही. आपल्या कड्यांना बेसॉल्टचे आडवे थर असतात, पेन्सिलनं रेघा मारल्यासारखे. जिंजीच्या डोंगरावर ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. तटात लालसर, भोकाभोकांचा जांभा दिसला तर कोकणाकडे वळावं, विजयदुर्ग तिथलाच. किल्ल्याचं नाव कधी ऐकलेलं नसलं, तरी एवढ्यावरून मुलूख सांगता येतो.

मुरूडच्या समुद्रातले दोन किल्ले शेजारी शेजारी लावले की खरी कसोटी लागते. जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत बुरुजांआड दिसतच नाही. पद्मदुर्गाच्या एका बुरुजाला वरच्या कडेला कमळाच्या पाकळ्या कोरल्यात. आणि तिथली भिंत जवळून पाहा: खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांनी दगड झिजून आत गेलाय, पण दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला आहे. दगडाला पुरून उरलेला चुना कसा बनवला असेल, हा प्रश्न किल्ल्याच्या नावापेक्षा कितीतरी मोठा आहे.

चेहऱ्यांच्या फेरीत तर आपण आणखी ढिले आहोत. टिळक पगडीवरून ओळखतो. पगडी झाका आणि नुसते डोळे-मिशा दाखवा, मांडव कसा चाचपडतो बघा. इतिहासातल्या कित्येक माणसांचे चेहरे आपल्या मनात नटांचे असतात किंवा कॅलेंडरवरचे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या बाबतीतही हे घडलं. इब्राहिमखान नावाच्या माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून कितीतरी वर्षं छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचं चित्र शोधलं आणि 1933 मध्ये ते लोकांपुढे आणलं. अख्ख्या महाराष्ट्राला चेहरा ‘माहीत’ होता, पण ‘कशावरून?’ हे विचारायला बेंद्रे यावे लागले. आज झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ म्हणून मोबाइलवर जे फिरतं, ते पुढे ढकलणाऱ्यालाही हेच विचारायला हवं.

माझा आवडता फोटो 1885 चा, फिलाडेल्फियातल्या महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्यात. साडीवरून आनंदीबाई जोशी लगेच सापडतात आणि मुलं थांबतात. मी थांबू देत नाही. किमोनोतली कोण? जपानच्या केई ओकामी. तिसरी? सीरियाच्या साबात इस्लामबूली. घरापासून हजारो मैलांवर डॉक्टर व्हायला आलेल्या या तिघींनी कॅमेऱ्यासमोर बसताना परदेशी झगे का नाही घातले? या एका प्रश्नावर मुलं जे बोलतात, ते पाठ केलेल्या निबंधात कधी येत नाही.

कपडे फसवतात हेही शिकायला हवं. त्यासाठी दादासाहेब फाळक्यांचा 1917 चा ‘लंकादहन’ आहे. राम दाखवायचा, सीता दाखवायची आणि नटांची नावं विचारायची. दोघंही अण्णा साळुंके. साडी-मुकुट विसरून नाक, हनुवटी आणि डोळ्यांतलं अंतर बघणाऱ्यालाच हे जमतं. चित्रकलेच्या तासाला आम्ही दुसरं काय शिकवत होतो?

काही जण म्हणतील, स्पर्धा म्हणजे करमणूक, तिथे बाईंची शाळा कशाला? पण मांडवात हशा आणि वाद कधी रंगतो ते पाहा. नाव घोषित झालं की टाळ्या वाजतात आणि संपतं. ‘कशावरून?’ म्हटलं की आजोबा उठतात, ट्रेकर पोरं उठतात, पद्मदुर्गावर होडी नेणाऱ्याचा भाचा उठतो, आणि पुढचा फोटो लावायला निवेदकाला विनवण्या कराव्या लागतात.

म्हणून गणेश मंडळांना, शाळांना आणि रविवारच्या पुरवणीत फोटोकोडी छापणाऱ्या संपादकांना माझी सूचना आहे. गुणांची वाटणी बदला. नावाला एक गुण ठेवा, ओळखायची खूण सांगणाऱ्याला चार द्या. मोबाइलवर बंदी नको, त्यालाही स्पर्धेत बसवा. नावाचा एक गुण तो हमखास मिळवेल. उरलेल्या चारांसाठी मात्र त्याच्या मालकाला उभं राहून बोलावं लागेल.