पहिला संगणक : यादी खालून वर वाचावी

बारावीचा निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली की रत्नागिरीतील कित्येक घरांत संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी एकच विषय निघतो : संगणक. समजा, असेच एक घर आहे. वडिलांचे बाजारपेठेत कापडाचे दुकान, मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला. लॅपटॉप नको, सुटे भाग आणून संगणक आपणच जुळवू, हा तिचा आग्रह. वडिलांनी ४५ हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि त्यात शंभराचीही वाढ होणार नाही, कारण पुढे गणपतीचा माल भरायचा आहे. मुलीने वहीच्या पानावर यादी केली आहे. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्या ओळीत काचेच्या भिंतीचे आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, मग प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. आणि अगदी तळाशी, ‘एसएमपीएस – उरलेल्या पैशांत बसेल तो’. यूपीएसचे नावच नाही.

ही यादी चुकीची नाही. ती उलटी आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांनी केलेल्या याद्या पाहून ती केलेली असते आणि त्या याद्यांत वीज गृहीत धरलेली असते. कोकणात वीज गृहीत धरता येत नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडची अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हाही खांब आणि आंब्या-फणसाची झाडे तारांसह आडवी झाली. वादळे रोज येत नाहीत हे खरे. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत तारेवर फांदी पडून वीज जाणे, येणे, पुन्हा जाणे हा नित्याचा प्रकार असतो. यंत्राला वीज जाण्यापेक्षा ती परत येताना बसणारा झटका अधिक बाधतो. तो झटका सर्वप्रथम ज्या भागावर येतो, तो भाग म्हणजे यादीच्या तळाशी ढकललेला एसएमपीएस.

एसएमपीएस ही कॅबिनेटमधील पत्र्याची पेटी २३० व्होल्टची वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर वीज करते आणि ती प्रत्येक भागाला पुरवते. ती चांगली असेल तर संकटाच्या वेळी स्वतः बंद पडते आणि बाकीचे भाग वाचवते; हलकी असेल तर जाताना मदरबोर्डही सोबत नेते. स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘५०० वॅट’ असे छापलेला एसएमपीएस जवळजवळ फुकट मिळतो. त्या आकड्यावर विसंबू नये. अभ्यासापुरता संगणक, ग्राफिक्स कार्ड नसेल तर, भरात असतानाही दीडशे वॅटच्या आतच वीज घेतो. त्यामुळे नावाजलेल्या उत्पादकाचा खरा ४५० वॅटचा एसएमपीएस त्याला पुरून उरतो. पेटीवर ‘८० प्लस ब्रॉन्झ’ असा शिक्का असतो. निम्म्या भारावर ती पेटी सुमारे ८५ टक्के वीज कामी लावते, एवढेच तो सांगतो. झटक्यापासून रक्षण किती करते, याची ग्वाही त्यात नाही. त्यासाठी पेटीवरील माहितीत जादा दाब, जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासूनच्या संरक्षणाचा उल्लेख आहे का, आणि हमी किती वर्षांची आहे, हे पाहावे. तीन वर्षांहून कमी हमी देणाऱ्या पेटीकडे वळूच नये.

यादीत कधीच नसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अर्थिंग. नव्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते आणि दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा दोष भिंतीतला असतो. विजेतील गडबड गाळण्यासाठी एसएमपीएसमध्ये जे छोटे कपॅसिटर असतात, ते पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थची तार जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर पत्र्यावर जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो, माणसाला फक्त झिणझिण्या येतात. परंतु अर्थिंग नाही, याची ती पक्की खूण असते. रत्नागिरीत तर घरेच्या घरे जांभ्याच्या कातळावर उभी आहेत. उन्हाळ्यात त्या कातळात ओल उरत नाही आणि मीठ-कोळसा घालून केलेला जुना खड्डा नावापुरता राहतो. संगणकाचा एकही भाग विकत घेण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. हा खर्च ४५ हजारांत धरू नये. तो घराचा खर्च आहे, त्याने गिझर आणि फ्रिजही सुरक्षित होतात.

“बाबा, यूपीएसला तीन हजार? तेवढ्यात रॅम दुप्पट होईल,” असे मुलगी म्हणणारच. दुकानात बिल करताना वीज गेल्यावर काय होते हे वडिलांनी पाहिलेले असते, म्हणून या एका ओळीवर त्यांचे मत ग्राह्य धरावे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार उचलतो आणि संगणक व मॉनिटर मिळून आठ-दहा मिनिटे चालवतो. काम जतन करून संगणक नीट बंद करायला तेवढी पुरतात. दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी बदलावी लागते. घरात इन्व्हर्टर असला तरी सगळेच इन्व्हर्टर वीज जाताक्षणी तितक्या चपळाईने सुरू होत नाहीत. आणि आकाशात गडगडू लागल्यावर यूपीएसवर भरवसा न ठेवता प्लग काढून ठेवावा, राउटरकडून येणारी वायरही काढावी.

इथवर साधारण ७ हजार रुपये गेले आणि संगणक अजून जन्मालाही आला नाही. आता यादीच्या पहिल्या ओळीकडे वळता येते. पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकीला, प्रोग्रॅमिंगला, साध्या आरेखनाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरच्या आतच असू शकते. मात्र ती आहे की नाही, हे नावातील एका अक्षरावर ठरते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘एफ’ असते, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात ही सोय नसते. तो थोडा स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि कार्ड घेतले नाही, तर पडदा काळाच राहतो. एएमडीच्या रायझन ५ मालिकेत ५६०० मध्ये ही सोय नाही, ५६००जी मध्ये आहे. ६ कोअरचा हा ५६००जी २०२१ मध्ये आला; आज तो जुना म्हटला जाईल, पण अशा घरासाठी अजूनही समजूतदार निवड ठरतो. खेळांची हौस असेल तर मुलीला थोडे थांबावे लागेल, हे तिला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

थांबता येते, ही जुळवणीच्या संगणकाची खरी कमाई आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा घाईपोटी त्यातील बहुतेक भाग बाहेरच्या उत्पादकांचे घेतले. प्रोसेसर इंटेलचा होता, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. जोडण्यांचे तपशीलही छापून खुले केले. इतरांनी तसेच भाग बनवायला सुरुवात केली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिल्यावर मदरबोर्डची भोके, कॅबिनेटचे स्क्रू आणि एसएमपीएसचे प्लग यांचा मेळ जगभर बसला. म्हणूनच आज घेतलेल्या पेटीत तीन वर्षांनी घेतलेले कार्ड बसते. लॅपटॉपमध्ये ही मुभा फारशी नसते.

या मुभेसाठी पैसे मोजायचे ते मदरबोर्डवर. प्रोसेसर बदलता यावा म्हणून अगदी नवे सॉकेट घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात घरगुती संगणकात प्रोसेसर क्वचितच बदलला जातो. वाढते ती रॅम, वाढते ती साठवण. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ चे, आणि त्यासाठी नवे प्रोसेसर २०२४ मध्येही आले. आता मात्र त्याचा शेवट जवळ आहे. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला पुढे वाव अधिक आहे, पण त्याला महागडी डीडीआर५ रॅमच लागते. ४५ हजारांच्या मर्यादेत एएम४ चाच मदरबोर्ड घ्यावा. फक्त त्यावर रॅमच्या चार खाचा आणि एम.२ एसएसडीच्या दोन जागा असाव्यात. दुकानात पडून राहिलेला जुना मदरबोर्ड असेल, तर त्याचे बायोस अद्ययावत करून मागावे. नाहीतर तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही आणि घरी आणल्यावर सगळ्यांचा विरस होतो.

रॅमची ओळ मात्र पेन्सिलने लिहावी. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. १६ जीबी घ्यायची, तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. ग्राफिक्सची सोय प्रोसेसरमध्येच असली की तो चित्रासाठीही हीच रॅम वापरतो आणि दोन पट्ट्यांतून त्याला जवळजवळ दुप्पट वाट मिळते. भाव परवडत नसेल तर तूर्त मॉनिटर टाळून घरचा टीव्ही एचडीएमआयच्या वायरने जोडता येतो. डोळ्यांना ते सोयीचे नाही, पण काही महिने निभावते. साठवणीसाठी ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी पुरे.

कॅबिनेटबद्दल थोडेच. काचेपेक्षा जाळी बरी, कारण हवा खेळली पाहिजे. ते जमिनीवर ठेवू नये. लादीला पावसाळ्यात पाझर असतो आणि मुंग्याही उबदार जागा शोधत असतात. खाऱ्या दमट हवेत संगणक महिनाभर झाकून ठेवण्यापेक्षा रोज तासभर सुरू ठेवणे चांगले. आतल्या उबेने ओल साचत नाही.

भाग घ्यायचे कुठून? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, यासाठी प्रसिद्ध आहे आणि कोकण रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येते. दरात फरक पडतो. पण भाग बिघडला तर पुन्हा तिथेच जावे लागेल किंवा आंबा घाट चढून १३० किलोमीटरवर कोल्हापूर गाठावे लागेल, हेही हिशेबात धरावे. एसएमपीएस आणि मदरबोर्ड गावातल्या दुकानातून, आणि प्रोसेसर, एसएसडी जिथे स्वस्त मिळतील तिथून, अशी विभागणी व्यवहाराची ठरते. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्यावा. त्याला उत्पादकाची तीन वर्षांची हमी असते. सुटा मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर बहुधा दुकानदाराच्या शब्दावरच चालतो.

“बिल नको असेल तर कमी करतो,” हे वाक्य कुठेतरी कानावर पडेलच. या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ४५ हजारांत ती रक्कम डोळ्यांत भरते. पण बिल नाही तर हमी नाही आणि ज्याला स्वतःच्या दुकानात रोज बिल फाडावे लागते, त्याला बाकीचे सांगण्याची गरज नाही. उलट दिशेनेही एक मोह असतो : बिल दुकानाच्या नावावर घेऊन कराची वजावट मिळवण्याचा. दुकानाच्या हिशेबाच्या संगणकासाठी ती वजावट रीतसर मिळते. मुलीच्या अभ्यासाच्या संगणकासाठी मिळत नाही.

कार्यप्रणालीचा खर्चही यादीत बहुधा नसतो. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आता विंडोज ११ चा परवाना घ्यावा किंवा उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली वापरावी. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलीला दुसरा मार्ग अवघड जाऊ नये.

राहता राहिली एक बाहेरची हार्ड डिस्क. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांतील संगणक आणि त्यांतले वर्षानुवर्षांचे हिशेब एकाच वेळी पाण्याखाली गेले. मदरबोर्ड पुन्हा विकत मिळतो. मुलीचा प्रकल्प आणि वडिलांची उधारीची वही यांची एक प्रत दर आठवड्याला त्या डिस्कवर उतरवून वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवता येते; दुकान आणि घर वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर एकाची प्रत दुसरीकडे.

एवढे झाल्यावर वहीच्या पानावर ग्राफिक्स कार्डाची ओळ खोडलेली असते. मदरबोर्डवरील त्याची लांबट खाच मात्र रिकामी, झाकण लावून राखून ठेवलेली असते. तिसऱ्या वर्षी आरेखनाचे जड काम आले, तर मुलगी आपल्या शिष्यवृत्तीतून किंवा सुटीतल्या कामाच्या पैशांतून कार्ड आणील, चार स्क्रू काढील आणि त्या खाचेत बसवील.